पाचटातला हायड्रोजन आणि पिंपळीचा हिशेब

हायड्रोजन जळाला की फक्त पाणी तयार होतं, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यामुळे हायड्रोजन म्हणजे स्वच्छ इंधन हे समीकरण डोक्यात घट्ट बसलेलं असतं. त्यात तो शेतातल्या काडीकचऱ्यापासून काढला असेल तर मग विचारायलाच नको! कचराही गेला, धूरही गेला आणि वर इंधन मिळालं. सेमिनारला हा विषय घेणाऱ्या प्रत्येकाच्या शेवटच्या स्लाइडवर एक हिरवं पान आणि एक निळा थेंब असतोच असतो.

पण मित्रांनो, हायड्रोजन जळताना काय होतं हा प्रश्न तसा सोपा आहे. अवघड प्रश्न तो तयार होताना काय होतं हा आहे. आणि बायोमासच्या बाबतीत त्याच्याही एक पायरी मागे जावं लागतं. हा काडीकचरा आपण उचलला नसता, तर त्याचं काय झालं असतं? माझ्या मते सगळा पर्यावरणाचा हिशेब या एकाच प्रश्नावर फिरतो. गॅसिफायर तोच, रसायनशास्त्र तेच, पण या प्रश्नाचं उत्तर बदललं की तोच हायड्रोजन कधी स्वच्छ ठरतो, कधी नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनच्या पंगतीला जाऊन बसतो.

हे मी परदेशातल्या उदाहरणांऐवजी आमच्या गावाच्या उदाहरणाने सांगणार आहे. आमचं गाव पिंपळी, बारामतीहून भवानीनगरकडे जाताना लागतं. नीरा डाव्या कालव्याचा हा पट्टा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालव्याला पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग ऊस आला. आज माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर असे कारखाने आजूबाजूला आहेत. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी वसवलेलं वालचंदनगर आहे, जिथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार होते. म्हणजे बायोमास हवा असेल तर यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. हिवाळ्यात हॉस्टेलवरून घरी जाताना एसटीच्या खिडकीतून जे दिसतं ते सगळं बायोमासच असतं : उभा ऊस, उसाचे ट्रेलर, बगॅसचा डोंगर आणि संध्याकाळी कुठे ना कुठे पेटलेलं पाचट.

आधी थोडं रसायनशास्त्र

घाबरू नका, एम-थ्रीसारखं काही नाही. वाळलेल्या पाचटात वजनाने साधारण ४२ टक्के कार्बन, ६ टक्के हायड्रोजन आणि बाकी बहुतांश ऑक्सिजन असतो. म्हणजे एक किलो पाचटात स्वतःचा हायड्रोजन फक्त ६० ग्रॅम. पण गॅसिफायरमध्ये वाफ सोडली की तापलेला कार्बन वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वाफेतला हायड्रोजन मोकळा होतो. त्यातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड पुन्हा वाफेबरोबर घेतला की आणखी हायड्रोजन मिळतो. यालाच शिफ्ट अभिक्रिया म्हणतात. म्हणून बायोमासमध्ये आहे त्यापेक्षा जास्त हायड्रोजन बाहेर पडतो, यात जादू काही नाही. उरलेला पाण्यातून येतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये ऑक्सिजन आणि वाफ वापरून एक किलो बायोमासपासून १०० ग्रॅम हायड्रोजन काढल्याचं जाहीर केलं, ते याच मार्गाने. मी पुढच्या सगळ्या आकडेमोडीत थोडा हात राखून ८० ग्रॅम धरले आहेत. म्हणजे एक किलो हायड्रोजनसाठी साडेबारा किलो कोरडा बायोमास.

आता एक गंमत पाहा. साडेबारा किलो पाचटात कार्बन झाला सव्वापाच किलो. हा सगळा कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडणार. सव्वापाचला ४४ ने गुणा आणि १२ ने भागा : सुमारे १९ किलो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कोळशापासून काढताना १८ ते २०. म्हणजे चिमणीच्या तोंडाशी उभं राहून मोजलं तर पाचटाचा हायड्रोजन कोळशाच्या हायड्रोजनइतकाच काळा!

मग त्याला हिरवा का म्हणायचं? कारण हा कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वीच हवेतून घेतला होता. पुढच्या लागणीला तो पुन्हा घेतला जाईल. कोळशाचा कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत होता, तो आपण नव्याने हवेत सोडतो. फरक इतकाच आहे, पण तो फार मोठा आहे. ऊस या बाबतीत झाडापेक्षा सरस, कारण झाडाला तोच कार्बन परत गोळा करायला वीस-तीस वर्षं लागतात. तेव्हा हे १९ किलो हिशेबातून वजा करायला माझी हरकत नाही. अट एवढीच, की उसाच्या चक्रातला दुसरा कुठला कार्बन आपण त्याच वेळी मोडता कामा नये. खरी मेख इथेच आहे.

सरकारी मर्यादाही सांगून ठेवतो, कारण पुढे ती वारंवार लागेल. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपये आणि उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने 'हरित' कशाला म्हणायचं ते ठरवलं : एक किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त २ किलो कार्बन डायऑक्साइड किंवा त्याच्याइतके इतर हरितगृह वायू, बारा महिन्यांच्या सरासरीने. ही व्याख्या पाण्याच्या विघटनाला लागू आहे तशीच बायोमासलाही आहे.

दोन किलो म्हणजे किती कमी, याचा अंदाज विजेवरून येतो. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक किलो हायड्रोजनमागे ग्रिडची तीन युनिटं वापरली की खेळ खलास. गॅसिफायरसाठी हवेतून ऑक्सिजन वेगळा करा, ब्लोअर चालवा, वायू शुद्ध करा, मग दाबून टाकीत भरा. या सगळ्याला तीन युनिटं पुरायची नाहीत. तेव्हा ही वीज सौर असली पाहिजे किंवा प्लँटच्याच उरलेल्या वायूवर तयार झाली पाहिजे. (पाण्याचं विघटन करणाऱ्यांनी फार हसू नये. त्यांना किलोला ५० ते ५५ युनिटं लागतात. ती ग्रिडमधून घेतली तर ३५ किलोच्या वर जातात!)

बरेच जण वाहतुकीला घाबरतात. पाचट हलकं, ट्रॉलीत मावत नाही, मग डिझेल किती जळेल? बेलरने गाठी बांधल्या आणि एका ट्रॉलीत ३ टन माल २० किलोमीटर नेला, जाऊन-येऊन ४० किलोमीटर, असं धरा. ट्रॅक्टरने १० लिटर डिझेल खाल्लं तरी कार्बन डायऑक्साइड २७ किलो. तीन टनांतून हायड्रोजन निघणार २४० किलो. म्हणजे किलोमागे जेमतेम ०.१ किलो. बेलरचं डिझेल धरून दुप्पट करा हवं तर. पैशाच्या हिशेबात वाहतूक जीव घेईल, पण हवेच्या हिशेबात ती किरकोळ आहे.

तीन ढीग

आमच्याकडे बायोमासचे तीन ढीग असतात : कारखान्यातला बगॅस, डिस्टिलरी-कारखान्यातली मळी आणि स्पेंटवॉश, आणि शेतातलं पाचट. तिघांना मघाचा प्रश्न विचारू या. उचललं नसतं तर काय झालं असतं?

बगॅसचं उत्तर लगेच मिळतं. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो ओला बगॅस मिळतो आणि तो रिकामा पडून राहत नाही. तो बॉयलरमध्ये जातो. त्याच्या वाफेवर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मिती असेल तर उरलेली वीज विकली जाते. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, म्हणून साडेबारा किलो कोरड्या मालासाठी २५ किलो ओला बगॅस लागेल. त्यातून बॉयलर-टर्बाइनने किलोला ०.४ युनिट धरून १० युनिटं वीज मिळाली असती. ती आता मिळणार नाही. ती कुठून तरी भरून काढावी लागेल आणि ग्रिडमधून घेतली तर ७ किलो कार्बन डायऑक्साइड आला. नैसर्गिक वायूचे ९-१० आणि हे ७. यासाठी एवढा खटाटोप? बगॅसचा हायड्रोजन हा मला तरी चालत्या गाडीचं चाक काढून दुसऱ्या गाडीला लावण्याचा प्रकार वाटतो. ग्रिड जसजशी स्वच्छ होत जाईल तसा हा आकडा खाली येईल, हे खरं. तेव्हाचं तेव्हा बघू.

स्पेंटवॉशचं उत्तर उलटं आहे. एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर स्पेंटवॉश निघतं, काळंकुट्ट आणि वासाचं. नीरा काठच्या लोकांना या विषयावर मी काही शिकवण्याची गरज नाही. उघड्या खड्ड्यात हे पाणी किंवा मळीचा ढीग कुजला की मिथेन सुटतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक आहे. म्हणून हा माल बंद टाकीत कुजवून मिथेन पकडणं हे मुळातच पुण्याचं काम. त्या मिथेनपासून वाफेने हायड्रोजन काढता येतो. पण इथेही एक चोर वाट आहे. एक किलो हायड्रोजनला साधारण साडेतीन किलो मिथेन लागतो. त्यातला फक्त २ टक्के, म्हणजे ७० ग्रॅम, व्हॉल्व्हमधून किंवा टाकीच्या झाकणातून निसटला तर २८ पटीने तो जवळजवळ २ किलो होतो. झालं, पूर्ण मर्यादा एका गळक्या गॅस्केटने खाल्ली! यंत्र अभियांत्रिकीच्या मुलांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पर्यावरणाचं काम म्हणजे झाडं लावणं असं आपल्याला वाटतं, इथे ते सरळ मेंटेनन्सचं काम आहे.

जिवाणूंकडून थेट हायड्रोजन काढण्याचाही मार्ग आहे. अंधारात, हवेशिवाय, ठरावीक जिवाणू साखरेपासून हायड्रोजन सोडतात. पण ग्लुकोजच्या एका रेणूतून तत्त्वतः १२ रेणू हायड्रोजन मिळू शकत असताना जिवाणू जास्तीत जास्त ४ देतात, बाकी सगळं ॲसेटिक आम्लात अडकून राहतं. म्हणून एकट्या या पायरीवर थांबलं तर आंबट सांडपाण्याचा नवा प्रश्न उभा राहतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीबरोबर शेतातल्या अवशेषांसाठी जी पद्धत विकसित केली, तीत पहिल्या टप्प्यात हायड्रोजन आणि दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या आम्लांतून मिथेन घेतला जातो. मला हा मार्ग आवडतो. सावकाश आहे, पण भट्टी नाही, डांबर नाही, आणि उरलेला गाळ खत म्हणून शेतात परत जाऊ शकतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

आता पाचट. आमच्या घरात वाद पेटला तो इथेच.

गेल्या हंगामात शेजारच्या गटात बेलर आला आणि दोन दिवसांत रान झाडल्यासारखं स्वच्छ झालं. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ते बघितलं आणि सुट्टीत मी गेल्या गेल्या विचारलं, "इंजिनियर, ते पाचट फुकट नेतो म्हणतोय. वर चार पैसेबी देतो. देऊन टाकू का?"

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही तर सरीत दाबून कुजवताय की."

"कुजवतोय रे. पण खोडव्याला बुडखे छाटायचे, वरून युरिया-सुपर टाकायचं, जिवाणू टाकायचे, माणसं मिळत नाहीत. उंदीर वेगळेच. जाळणारे सुखी."

जाळणारे सुखी! आप्पांचं हे वाक्य म्हणजे सगळ्या पर्यावरण अभ्यासक्रमावर एका ओळीत टाकलेलं पाणी आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की पाचट जाळू नये, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू टाकून ते जागेवर कुजवावं. नीरेजवळच पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. कालव्याच्या पाण्याने चोपण आणि खारवट झालेल्या जमिनींचा अभ्यास तिथे अनेक वर्षं झाला. अशा जमिनीला सेंद्रिय पदार्थ म्हणजे औषध. तरीही आमच्या शिवारात निम्मी माणसं जाळतात, कारण काडेपेटी स्वस्तात मिळते.

शिवाय हेही सांगायला हवं की उसाचा हिरवा शेंडा, म्हणजे वाढे, हा 'कचरा' नाहीच. तोडणीला आलेली बीडकडची माणसं त्याच्या मोळ्या बांधून विकतात, स्वतःच्या बैलांना घालतात. एखाद्या यंत्राने शेत मुळापासून साफ करून नेलं तर त्यांच्या मिळकतीचा एक तुकडा आणि जनावरांचा चारा गेला. कुठल्याही कार्बनच्या तक्त्यात ही ओळ नसते.

तर आप्पांना उत्तर द्यायला मी रात्री वही घेऊन बसलो. एकरी वाळलेलं पाचट ३ टन धरलं. त्यातून हायड्रोजन २४० किलो.

पहिली शंका खताची. पाचटात नत्र अर्धा टक्क्याच्या आसपास, म्हणजे एकरी पंधरा किलोच्या घरात. हे गेलं तर युरियाची पाऊण गोणी जास्त लागेल, साधारण तीस किलो. तेवढ्या नत्रासाठी लागणारा अमोनिया बनवायला हायड्रोजन लागतो फक्त ३ किलो. २४० मधले ३ परत दिले की नत्राचं देणं फिटलं. पालाश तर राखेतच राहतो, राख परत आणली की झालं. म्हणजे खताच्या मुद्द्यावर हायड्रोजनवाले सहज जिंकतात.

दुसरी शंका मातीतल्या सेंद्रिय कर्बाची, आणि इथे पारडं फिरतं. ३ टन पाचटात कार्बन १,२६० किलो. सरीत दाबलं तरी त्यातला बहुतेक वर्षभरात कुजून हवेतच जातो, हे मान्य. पण थोडा भाग मातीत टिकून राहतो. तो किती हे माती, पाणी, उष्णता यांवर अवलंबून आहे. मी १० टक्के धरला. म्हणजे १२६ किलो कार्बन. तो मातीत साठण्याऐवजी गॅसिफायरमार्गे हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइड झाला ४६२ किलो. याला २४० ने भागा. उत्तर येतं १.९.

किलोमागे १.९ किलो! वीज नाही, डिझेल नाही, गळती नाही, फक्त माती उपाशी ठेवल्याबद्दल. मर्यादा आहे २.

आता तेच गणित शेजारच्या, दरवर्षी पाचट जाळणाऱ्याच्या रानासाठी करा. तिथे मातीला तसंही काही मिळत नव्हतं. त्यामुळे हे १.९ शून्य होतात. उलट उघड्यावर जळताना निघणारा धूर, काजळी, थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड वाचला, ते जमेला. एकच बांध. अलीकडचं पाचट आणि पलीकडचं पाचट, दोन्ही एकाच ट्रॉलीत, एकाच गॅसिफायरमध्ये. आणि दोन वेगळे हायड्रोजन.

यातून एक वेडावाकडा धोका निघतो. उद्या 'पूर्वी जाळत होतो' असं दाखवणाऱ्याला जास्त भाव मिळू लागला, तर जे कुजवत होते तेही एक वर्ष जाळून दाखवतील. आपल्याकडे योजनांचं काय होतं हे ठाऊक असलेल्यांना हे अशक्य वाटणार नाही.

आप्पांना मी १.९ वगैरे सांगितलं नाही. सांगितलं की पाचट नेलं तर माती दरवर्षी थोडी थोडी कमी होईल. त्यावर ते म्हणाले, "मातीपरीक्षणात दिसंल का ते?" प्रश्न अगदी नेमका होता. एक एकर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटातल्या मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. १२६ किलो म्हणजे त्याच्या ०.०१४ टक्के. मातीपरीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब दोन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. म्हणजे एका वर्षाचं नुकसान त्या कागदावर दिसणारच नाही. ०.१ टक्क्याचा फरक पडायला सात वर्षं जातील, आणि तेव्हा 'पहिल्यासारखं उत्पन्न येत नाही' एवढंच लक्षात येईल. आमच्याकडच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळत असेल, तर ०.१ हा छोटा आकडा नाही.

फलटणचा कोळसा

मग पाचटाचा नाद सोडायचा का? माझं मत, नाही. याचं उत्तर आमच्या शेजारीच आहे. नीरा ओलांडली की फलटण तालुका लागतो. तिथे ब. वि. निंबकर यांनी १९६८ मध्ये सुरू केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उसाचं पाचट आणि बगॅस यांच्यावर चालणारा गॅसिफायर तयार केला आणि ७०० तासांहून जास्त चालवून पाहिला. त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी लाकडावरचा गॅसिफायर पाहिला आहे त्यांना यातलं अवघडपण कळेल. पाचट भुसभुशीत, खाली सरकत नाही, मध्येच पोकळी धरतं. राखेत सिलिका आणि पालाश जास्त, त्यामुळे तापमान चढलं की राख वितळून क्लिंकर धरतो. वायूबरोबर डांबर येतं, ते धुवायला पाणी, आणि त्या पाण्यात फिनॉल. हे पाणी ओढ्यात सोडलं तर हवेचं प्रदूषण पाण्यात नेलं इतकंच. कुठल्याही बायोमास प्लँटला भेट दिलीत तर आधी मागच्या बाजूला जाऊन हे पाणी कुठे जातं ते बघा.

फलटणचा गॅसिफायर हवेवर चालणारा होता, त्यातून भट्टीसाठी जळणवायू मिळत असे, शुद्ध हायड्रोजन नव्हे. पण मला त्यातला एक आकडा मोलाचा वाटतो. पाचटाच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के कोळसा, म्हणजे चार, खाली उरत होता. संशोधकांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की याच्या कांड्या करून चुलीत जाळता येतील किंवा तो जमीन सुधारायला वापरता येईल.

तो जमिनीत टाकायचा, चुलीत नाही, असं धरून वही पुन्हा उघडली. एकरी ३ टनांतून ७२० किलो कोळसा. राख बरीच असणार, म्हणून कार्बन ६० टक्के धरला तर ४३० किलो. पाचट कुजवून मातीत टिकणार होते १२६. आणि असा कोळसा पाचटासारखा वर्षात कुजत नाही, त्याचा बराचसा भाग कित्येक दशकं तसाच राहतो. म्हणजे मातीच्या कार्बनचं देणं तीन पटीने फिटलं, वर पालाशही घरी आला.

याची किंमत आहेच. जो कार्बन कोळशात राहिला त्याने वाफेतून हायड्रोजन काढला नाही. किलोला ८० ग्रॅमच्या जागी समजा ४० ग्रॅमच मिळेल. प्लँट चालवणाऱ्याला हे सांगितलं तर तो मला दारातूनच परत पाठवेल, कारण त्याचा सगळा धंदा जास्तीत जास्त हायड्रोजनवर आहे. कार्यक्षमता वाढवा, हेच आपल्यालाही चार वर्षं शिकवलं जातं. पण इथे गॅसिफायरची कार्यक्षमता जितकी वाढवाल तितकी माती रिकामी राहते. शेवटचा ग्रॅम हायड्रोजन हा सगळ्यात महागडा, आणि त्याचं बिल पिंपळीत फाडलं जातं. शिवाय कोळसा हा काही शेणखत नव्हे. गांडुळांना, जिवाणूंना खायला पाचटच लागतं. म्हणून मला वाटतं, एक वर्ष पाचट द्यायचं आणि एक वर्ष कुजवायचं, आणि दिलेल्या वर्षी कोळसा-राख मोजून परत घ्यायची, हा व्यवहार दोघांनाही परवडेल.

पाण्याबद्दल थोडक्यात. उसाला किती पाणी लागतं आणि आमच्याच तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात टँकर कसे फिरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पाचट हे उसाचं उप-उत्पादन म्हणून त्याच्या नावावर पाणी शून्य लावलं जातं. आज ते योग्यच आहे, पाचटासाठी कोणी ऊस लावत नाही. पण पाचटाला भरवशाचा भाव आला तर ऊस आणखी एक कारण मिळवील आणि मग शून्य लावता येणार नाही. राहता राहिला हायड्रोजनचा स्वतःचा निसटण्याचा स्वभाव. रेणू सर्वांत लहान, सांध्यातून पळतो, आणि हवेत मिथेनचं आयुष्य वाढवून अप्रत्यक्षपणे तापमान वाढवतो. २०२३ मधल्या एका अभ्यासाने हा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे बारापट धरला आहे. म्हणजे तो जिथे तयार होईल तिथेच वापरणं बरं. पिंपळीत केलेला हायड्रोजन दाबून मुंबईला पाठवण्यापेक्षा त्याचा जवळच्या कारखान्यात उपयोग झाला तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

बेलरवाल्याला आप्पांनी यंदा निम्मंच रान दिलं. "कोळसा-राख परत देशील का?" असंही विचारलं. तो म्हणाला, आमचा माल बॉयलरला जातो, राख कंपनी ठेवून घेते. दोन्ही तुकड्यांतली माती आम्ही वेगवेगळ्या पिशव्यांत भरून परीक्षणाला दिली आहे आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेची देणार आहोत. सात वर्षं काढायची आहेत, तोपर्यंत मी कुठे असेन कोण जाणे, पण आप्पांनी पिशव्यांवर खडूने तारीख घालायला सुरुवात केली आहे.

वरच्या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा माझा १० टक्क्यांचा आहे. ५ धरलात तर १.९ चे ०.९५ होतात, १५ धरलात तर २.९. पुढच्या वर्षी ज्यांना हा विषय प्रोजेक्टला घ्यायचा असेल त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. वही माझ्याकडे आहे, परीक्षा संपेपर्यंत मी हॉस्टेलवरच आहे. मेसच्या वेळा सोडून कधीही या.